आधुनिक इमारतींचे फोटो काढताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बार्सिलोनाच्या १९२९ च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात वास्तुविशारद मीस व्हॅन डर रोह यांनी जर्मनीसाठी एक पॅव्हिलियन उभारला. प्रदर्शन संपलं आणि १९३० मध्ये तो उतरवून टाकला गेला. १९८६ मध्ये तो त्याच जागी पुन्हा उभा राहिला, पण मधली पन्नासहून अधिक वर्षं जगभरच्या वास्तुविशारदांनी ही इमारत अभ्यासली ती मूठभर कृष्णधवल फोटोंवरून. तिथला सोनेरी ओनिक्स दगड आणि लाल पडदा त्या फोटोंत नुसता करडा दिसतो. इमारतीचा फोटो काढणाऱ्यावर केवढी जबाबदारी असते, ते मला या उदाहरणाने कळलं. बहुतेक लोक ती इमारत प्रत्यक्ष कधी पाहणारच नाहीत. ते तुमचा फोटो पाहतील.

खालचे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात. उत्तरांत फिल्म आणि डिजिटल दोन्हींचं सांगितलं आहे, कारण माझ्या लेखी ती दोन वेगळी शास्त्रं नाहीत. भूमिती आणि उजेड हे दोन प्रश्न इमारतीसमोर उभं राहूनच सोडवायचे असतात. ते सुटले की फिल्म वापरा किंवा सेन्सर, काम होतं. ते सुटले नाहीत तर दोन्हींपैकी काहीच मदतीला येत नाही.

आधुनिक इमारतींसाठी वेगळं तंत्र कशाला लागतं?

जुन्या वास्तूवर कोरीवकाम असतं, झिजलेल्या कडा असतात, भिंतीही थोड्या हललेल्या असतात. फोटो एखादा अंश कलला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. आधुनिक इमारत सरळ रेषा, सपाट पृष्ठभाग आणि काटकोन यांवरच उभी असते. तिथे लपायला जागा नाही. एका खांबाची रेषा फ्रेमच्या कडेशी समांतर नसली की सगळा फोटो निष्काळजी वाटतो. शिवाय काच, पॉलिश केलेला धातू, पांढरा गिलावा आणि उघडं काँक्रीट हे चारही पदार्थ उजेडाला अगदी वेगवेगळा प्रतिसाद देतात, आणि अनेकदा चारही एकाच फ्रेममध्ये असतात.

माझ्या फोटोत इमारत मागे कललेली का दिसते?

कारण तुम्ही कॅमेरा वर केलात. फिल्मचं किंवा सेन्सरचं प्रतल भिंतीशी समांतर असेल तोवर उभ्या रेषा समांतर राहतात. कॅमेऱ्याने मान वर केली की ते प्रतल कलतं, इमारतीचा माथा तळापेक्षा लहान पडतो आणि रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. लेन्स महाग असो वा स्वस्त, हे होणारच. गवंडी भिंत ओळंब्यात आहे की नाही पाहतो, तसा कॅमेरा आधी पाणसळीत आणा. ट्रायपॉडवरचा बुडबुडा किंवा कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक पातळी, दोन्ही चालतात. मी दोन्ही पाहतो.

पण कॅमेरा सरळ ठेवला की क्षितिज फ्रेमच्या मध्यावर येतं. खाली अर्धा रस्ता आणि वर माथा कापलेला, असा फोटो मिळतो. यावरचा उपाय शंभर वर्षांहून जुना आहे : कॅमेरा सरळच ठेवायचा आणि फक्त लेन्स वर सरकवायची. व्ह्यू कॅमेऱ्यात, म्हणजे ट्रायपॉडवर लावायच्या जुन्या धाटणीच्या मोठ्या कॅमेऱ्यात, पुढची लेन्सची पाटी आणि मागचं फिल्मचं प्रतल यांच्यामध्ये भाता असतो, त्यामुळे पुढची पाटी हवी तशी वर-खाली, डावी-उजवीकडे नेता येते. लहान कॅमेऱ्यांसाठी निकॉनने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ३५ मिमीची अशी सरकणारी, म्हणजे शिफ्ट लेन्स आणली. कॅननने १९७३ मध्ये ३५ मिमीची टिल्ट-शिफ्ट, म्हणजे सरकणारी आणि कलणारीही लेन्स आणली, आणि १९९१ मध्ये अशा लेन्सची टीएस-ई मालिका सुरू केली.

शिफ्टचा नेमका फायदा किती, हे आकड्यांत पाहू. फुल-फ्रेम सेन्सर ३६ गुणिले २४ मिमी असतो. लेन्स १२ मिमी वर सरकवली आणि फ्रेम आडवी असली, तर क्षितिज मध्यावरून थेट फ्रेमच्या खालच्या कडेवर येतं. म्हणजे रस्ता जवळजवळ नाहीसा आणि सगळी फ्रेम इमारतीला. फ्रेम उभी असली तर क्षितिज खालून एक षष्ठांश उंचीवर येतं, आणि इमारतीच्या फोटोला बहुतेक वेळा तेच शोभून दिसतं. पायाखाली थोडी जमीन लागते, नाहीतर इमारत तरंगल्यासारखी वाटते.

शिफ्ट करताना लेन्स जे गोल चित्र पाडते त्या चित्रवर्तुळाची कड जवळ येते. तिथे चित्र अंधारतं आणि मऊ पडतं. म्हणून पूर्ण शिफ्ट केल्यावर ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/८ ते एफ/११ ठेवा.

शिफ्ट लेन्स परवडत नाही. काय करू?

तीन मार्ग आहेत. पहिला सगळ्यांत सोपा आहे आणि सगळ्यांत कमी वापरला जातो : अधिक वाइड लेन्स लावा, कॅमेरा उभा धरा, पाणसळीत ठेवा, आणि नंतर खालचा रस्ता कापून टाका. मेगापिक्सेल थोडे जातात, पण भूमिती शंभर टक्के खरी राहते. शिफ्ट लेन्सही आतून हेच करते, फक्त कापायचं काम आधीच झालेलं असतं.

दुसरा मार्ग म्हणजे मागे जा आणि उंच चढा. समोरच्या इमारतीच्या जिन्यातून, गच्चीतून, लक्ष्य इमारतीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्या उंचीपर्यंत पोहोचलात तर मान वर करावीच लागत नाही. परवानगी मागा, नीट विचारलं तर लोक बहुधा हो म्हणतात.

तिसरा मार्ग सॉफ्टवेअरचा.

सॉफ्टवेअरने रेषा सरळ केल्या तर काय बिघडतं?

थोड्या केल्या तर काही नाही. एक-दोन अंशांची चूक मीही सॉफ्टवेअरमध्येच काढतो. पण कॅमेरा वीस अंश वर करून काढलेला फोटो जेव्हा सरळ केला जातो, तेव्हा माथ्याकडचे पिक्सेल ताणले जातात. नेमका जिथे तपशील हवा तिथे तो पातळ होतो, आणि दोन्ही बाजूंचे त्रिकोणी तुकडे कापावे लागतात. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे प्रमाण बदलतं. इमारत खऱ्यापेक्षा बुटकी किंवा उंच होते. वास्तुविशारदाने खिडकीची उंची आणि रुंदी यांचं नातं महिनोन्‌महिने घोळवलेलं असतं. आपण ते एका स्लायडरने मोडतो.

यावर माझी सवय अशी : इमारतीची एखादी खिडकी किंवा फरशी अगदी समोरून, सरळ कॅमेऱ्याने, वेगळी टिपून ठेवतो. नंतर सुधारलेल्या फोटोतलं प्रमाण त्याच्याशी ताडून पाहतो. सुधारणा करणारच असाल तर फोटो काढताना चहूबाजूंनी सैल जागा सोडा.

आणि फार उंच मनोरा अगदी पायथ्यापासून काढत असाल, तर रेषा पूर्ण समांतर करण्याचा हट्ट सोडा. डोळ्यांना वर जाताना थोडं निमुळतं होणं अपेक्षित असतं. ते सगळं काढून टाकलं की इमारत डोक्याकडे जड दिसते, जणू अंगावर येतेय.

टिल्टचा उपयोग काय?

इमारतींसाठी फार कमी. शिफ्टने चित्राची जागा बदलते, टिल्टने फोकसचं प्रतल कलतं. त्यामागचा नियम ऑस्ट्रियन लष्करातले कॅप्टन थिओडोर शाइम्पफ्लुग यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांचं पेटंट १९०४ चं, आणि ते हवाई छायाचित्रांचा दृष्टिकोन सुधारण्याच्या कामात होते. त्यांच्याआधी १९०१ मध्ये ज्यूल कार्पांतिए यांनी हेच तत्त्व मांडलं होतं. पायाशी सुरू होऊन दूर जाणारं फरसबंद अंगण किंवा पाण्याचा उथळ हौद असेल तर एक-दोन अंश टिल्ट कामी येतो. पण त्याच फ्रेममध्ये उंच भिंत उभी असली तर तिचा माथा फोकसबाहेर जातो. शंका असेल तर टिल्ट शून्यावर ठेवा.

आजच्या काळात व्ह्यू कॅमेरा कशासाठी वापरायचा?

बघायला शिकण्यासाठी. चार-बाय-पाच इंची शीट फिल्मचा कॅमेरा उभा करायला दहा मिनिटं लागतात. डोक्यावर काळं कापड घेऊन ग्राउंड ग्लासवर पाहिलं की चित्र उलटं दिसतं, वरचं खाली आणि डावं उजवीकडे. सुरुवातीला जीव गोंधळतो. पण काही दिवसांनी एक विलक्षण गोष्ट घडते : इमारत ‘इमारत’ म्हणून दिसेनाशी होते आणि फक्त आकार, उजेड आणि सावल्यांचं वजन दिसू लागतं. एखादा काळा चौकोन कोपऱ्यात जड झालाय हे उलट्या चित्रात लगेच कळतं. सरळ चित्रात तोच चौकोन म्हणजे दरवाजा असतो आणि आपण त्याला माफ करतो. डिजिटलवाल्यांनाही मी सांगतो, फोटो संगणकावर उलटा फिरवून पाहा.

दुसरं कारण संयमाचं. दिवसाला सहा-आठ शीट्स, त्यामुळे प्रत्येक फ्रेमआधी चालणं होतं, बसणं होतं, वाट पाहणं होतं. डिजिटल कॅमेऱ्यानेही हे करता येतं. पण हाताला सवय लागते ती बहुधा जड कॅमेऱ्याने.

या कॅमेऱ्यावर ९० मिमीची लेन्स साधारणपणे फुल-फ्रेमवरच्या २६-२७ मिमीएवढं क्षेत्र घेते. नवशिक्याने एवढी एकच लेन्स ठेवावी. कामाचा क्रमही पाठ करून टाका : फोकस करा, शटर बंद करा, ॲपर्चर लावा, शटर ताणा, फिल्मचा होल्डर घाला, मगच होल्डरची डार्क स्लाइड, म्हणजे फिल्म झाकणारी पट्टी ओढा. शटर उघडं राहून गेलेल्या शीटवर काहीच वाचत नाही.

फिल्म चांगली की डिजिटल?

कामावर अवलंबून आहे, आणि उत्तर टाळण्यासाठी हे म्हणत नाही. रंगीत स्लाइड फिल्मला जेमतेम पाच स्टॉपचा पल्ला मिळतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), आजच्या चांगल्या फुल-फ्रेम सेन्सरला तेरा-चौदा. काचेच्या खोलीतून बाहेरचं ऊन आणि आतली सावली एकत्र घ्यायची असेल तर डिजिटल सरळ सरस आहे. पण उन्हात न्हालेली पांढरी भिंत निगेटिव्ह फिल्मवर फार हळुवारपणे पांढरी होत जाते. सेन्सरवर ती एका क्षणी फटकन पांढरी होते आणि तिथला गिलाव्याचा पोत कायमचा जातो. म्हणून एक्स्पोजरचा नियम उलटा आहे. निगेटिव्हवर सावल्या सांभाळा, डिजिटल आणि स्लाइडवर उजळ भाग सांभाळा.

उजेड मोजणारा मीटर सगळ्या गोष्टी मध्यम करड्या करायला बघतो, हे पांढऱ्या इमारतीसमोर विसरू नका. नुसती पांढरी भिंत मोजली तर एक ते दीड स्टॉप वाढवावं लागतं.

लांब एक्स्पोजरमध्ये फिल्म सुस्तावते. मीटरने १० सेकंद सांगितले तर इल्फर्डच्या एफपी४ ला सुमारे १८ द्यावे लागतात. फुजीच्या ॲक्रॉसला दोन मिनिटांपर्यंत काही वाढवावं लागत नाही, म्हणून रात्रीच्या कामाला ती फिल्म अनेकांना आवडते. सेन्सरला ही अडचण नाही, त्याला फक्त गरम होऊन दाणे येतात.

कोणत्या वेळचं ऊन चांगलं?

‘सकाळ-संध्याकाळ’ हे उत्तर निसर्गदृश्यांसाठी ठीक आहे. इमारतीसाठी प्रश्न वेगळा : ही भिंत कुठल्या दिशेला तोंड करून आहे, आणि ऊन तिच्यावर किती तिरपं पडतं? समोरून पडणारं ऊन भिंत सपाट करतं. भिंतीला घासून जाणारं ऊन प्रत्येक खाच, प्रत्येक सांधा, प्रत्येक छज्जा उठवून दाखवतं. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे घासून जाणाऱ्या उन्हाचा चांगला अवधी अनेकदा वीस-पंचवीस मिनिटांचाच असतो.

उत्तर गोलार्धात, कर्कवृत्ताच्या बरंच वर गेलं की, उत्तरेकडच्या भिंतीला फक्त उन्हाळ्यात, भल्या सकाळी आणि उशिरा संध्याकाळी थोडं ऊन मिळतं. ती भिंत हवी असेल तर ऋतूच निवडावा लागतो. जाण्याआधी होकायंत्र आणि सूर्याची दिशा दाखवणारं ॲप वापरून प्रत्येक बाजूची वेळ लिहून काढा. पहिल्या दिवशी कॅमेरा न नेता इमारतीला प्रदक्षिणा घातली तर फारच उत्तम. वास्तुविशारदाचा आराखडा मिळाला तर तो हातात घेऊन चाला, कारण कुठल्या जागेसाठी कुठली खिडकी ठेवली आहे ते कागदावर लवकर कळतं.

सूर्यतापापासून बचावासाठी केलेल्या खोल खिडक्या आणि काँक्रीटच्या पट्ट्या भर दुपारी सर्वांत सुंदर दिसतात, कारण त्या त्याच उन्हासाठी घडवलेल्या असतात. दुपारी फोटो काढू नये हा नियम इथे मोडायलाच हवा.

ढगाळ दिवस म्हणजे वाया गेलेला दिवस का?

मुळीच नाही. बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन दांपत्याने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, गॅसच्या टाक्या अशा औद्योगिक बांधकामांचे फोटो मुद्दाम ढगाळ आकाशाखाली काढले. सावली नसल्यामुळे आकाराची आकाराशी तुलना करता येते. तुम्हाला इमारतीचं स्वरूप नोंदवायचं असेल तर हा उजेड उत्तम. तिची मनःस्थिती दाखवायची असेल तर ऊन लागतं. मात्र ढगाळ आकाश फ्रेममध्ये फार घेऊ नका, ते रिकाम्या कागदासारखं दिसतं.

उघड्या काँक्रीटचा पोत कसा आणायचा?

काँक्रीटवर शटरिंगच्या फळ्यांचे वण, खिळ्यांच्या खुणा, दोन दिवसांच्या ओतकामांमधली रेघ असते. ही सगळी बांधकामाची हस्ताक्षरं आहेत, ती पुसट होऊ देऊ नका. घासून जाणारं ऊन हा पहिला उपाय. दुसरा, पाऊस थांबल्यावर लगेच जा : ओलं काँक्रीट गडद होतं, उतारावरून पाणी कुठे वाहतं ते दिसतं, आणि रंगही खोल येतो.

कृष्णधवल फिल्मवर निळं आकाश काळं करून काँक्रीट पुढे आणायचं असेल तर पिवळा, नारिंगी किंवा लाल फिल्टर लावा. पिवळा साधारण एक स्टॉप खातो, नारिंगी दोन, गडद लाल तीन. सावल्यांत आकाशाचा निळा उजेड असतो, त्यामुळे लाल फिल्टर सावल्याही गडद करतो. खोल खिडक्यांच्या इमारतीत त्या पार कोळशासारख्या होतात. मला नारिंगीच पुरतो. डिजिटलमध्ये रंगीत फोटो काढून नंतर निळा चॅनल उतरवला तरी तेच घडतं, पण फार उतरवला तर आकाशात दाणे आणि पट्टे उमटतात.

सॉफ्टवेअरमधले क्लॅरिटी आणि टेक्स्चरचे स्लायडर जपून. काँक्रीट खडबडीत असलं तरी ते शांत असतं.

काचेच्या इमारतीत मीच दिसतो. त्यावर उपाय?

सर्वांत देखणा उपाय शिफ्टचाच आहे, फक्त आडवा. काचेच्या अगदी समोर उभे न राहता थोडे बाजूला सरका, कॅमेऱ्याचं प्रतल काचेशी समांतरच ठेवा, आणि लेन्स उलट बाजूला सरकवा. फोटो समोरून काढल्यासारखा दिसतो, पण प्रतिबिंबात तुम्ही नसता. आरसे असलेल्या खोल्यांतही हेच करतात.

पोलरायझर काचेवरची चमक कमी करतो, पण सगळ्या कोनांतून नाही. काचेच्या पृष्ठभागाशी साधारण ३४ अंशांचा कोन असेल तेव्हा तो सर्वाधिक काम करतो. अगदी समोरून जवळजवळ नाहीच. धातूवरच्या चमकेवर त्याचा परिणाम होत नाही. वाइड लेन्सवर तो आकाशात एक गडद पट्टा आणतो, आणि टफन्ड काचेवर ठिपक्यांची जाळी दाखवू शकतो. हा काचेतला ताण असतो, लेन्सचा दोष नव्हे.

एक विनंती : प्रतिबिंब प्रत्येक वेळी घालवू नका. काचेच्या भिंतीवर समोरचं झाड आणि ढग असणं हाच त्या इमारतीचा स्वभाव असतो.

दिवेलागणीची नेमकी वेळ कोणती?

सूर्य मावळल्यावर, आकाशाचा उजेड आणि आतल्या दिव्यांचा उजेड जवळपास सारखा होतो तेव्हा. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत हा खेळ वीस मिनिटांत आटोपतो, उत्तरेकडे जास्त वेळ चालतो. अर्धा तास आधी ट्रायपॉड लावून ठेवा, फ्रेम पक्की करा, आणि मग दर दोन मिनिटांनी एक फोटो काढत राहा. कुठला सर्वोत्तम ते तिथे उभं राहून कळत नाही. डोळा अंधाराला सरावत जातो आणि आपल्याला फसवतो.

आतल्या खोलीचा फोटो काढताना खिडकी पांढरी का होते, आणि जुने लोक काय करायचे?

खिडकीबाहेरचा उजेड आतल्यापेक्षा पाच-सहा स्टॉप जास्त असू शकतो, म्हणून. आणि जुने लोक जे करायचे ते पाहून आजही शिकावं असं आहे.

लॉस एंजेलिसच्या टेकडीवर वास्तुविशारद पिअर कोनिग यांनी बांधलेल्या केस स्टडी हाउस क्रमांक २२ चा ज्युलियस शुल्मन यांनी १९६० मध्ये काढलेला फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो : कड्यावर तरंगणारी काचेची खोली, आत बसलेल्या दोन तरुणी, आणि खाली दूरवर पसरलेले शहराचे दिवे. तो एकाच क्षणाचा फोटो नाही. घरातले दिवे बंद ठेवून शहराच्या दिव्यांसाठी सुमारे सात मिनिटांचं एक्स्पोजर दिलं गेलं, आणि मग त्याच शीटवर फ्लॅशबल्बने आतली खोली व माणसं उजळली. व्ह्यू कॅमेऱ्यात शटर ताणणं आणि फिल्म बदलणं या दोन वेगळ्या क्रिया असतात, त्यामुळे एका शीटवर कितीही वेळा उजेड पाडता येतो.

आज आपण हेच थरांनी करतो. ट्रायपॉड हलवू नका. एक फोटो खोलीसाठी, एक खिडकीसाठी, वाटल्यास एक फक्त टेबलावरच्या दिव्यासाठी, आणि मग ते हाताने मास्क लावून जोडा. वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो आपोआप एकत्र करणारी एचडीआरची बटणं मी वापरत नाही. ती खिडकी आणि खोली एकाच उजेडाची करून टाकतात, आणि खोलीत बसल्यावर बाहेर पाहताना डोळ्यांना जी दिपणारी जाणीव होते तीच हरवते. खिडकी खोलीपेक्षा स्टॉप-दीड स्टॉप उजळ राहू द्या.

मिश्र उजेडाचं दुखणं वेगळं. टंगस्टनचा उजेड सुमारे ३२०० केल्व्हिन, दिवसाचा ५५०० च्या आसपास, आणि जुन्या फ्लुरोसंट नळ्यांत हिरवट झाक असते. फिल्मवर त्यासाठी मॅजेंटा फिल्टर लावत. सोपा उपाय म्हणजे अनावश्यक दिवे बंद करणं. ज्या दिव्यांसाठी वास्तुविशारदाने छतात जागा केली आहे ते ठेवा, बाकीचे विझवा.

एलईडीच्या उजेडात फोटोवर आडवे पट्टे येतात, ते कशाने?

वीजप्रवाह ५० हर्ट्झचा असेल तर दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, अथवा त्याहून बरंच संथ. ६० हर्ट्झच्या देशांत १/६० किंवा १/१२०. इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून यांत्रिक वापरा.

बारीक जाळीच्या दर्शनी भागावर रंगीत लाटा उमटतात. कॅमेरा बिघडला का?

नाही, याला मुआरे म्हणतात. जाळीची रेघ आणि सेन्सरवरच्या पिक्सेलची ओळ यांची एकमेकींत गुंतागुंत होते. दोन पावलं पुढे-मागे व्हा किंवा एफ/१६ करून पाहा. फिल्मवर हे होत नाही, कारण तिचे कण ओळीने बसलेले नसतात. मात्र फोटो लहान करतानाही मुआरे येऊ शकतो, म्हणून अंतिम आकारात एकदा तपासा.

ॲपर्चर किती ठेवायचं?

२४ मिमी लेन्स, एफ/११, आणि फोकस पावणेदोन मीटरवर, एवढ्यात साधारण ९० सेंटीमीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्वीकारार्ह स्पष्ट येतं. फुल-फ्रेमवर एफ/१६ च्या पुढे गेलात तर डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे, सगळाच फोटो मऊ पडतो. चार-बाय-पाचवर एफ/२२ नेहमीचं.

पूर्ण इमारत फ्रेममध्ये यायलाच हवी का?

ल्युसियाँ एर्व्हे यांनी १९४९ मध्ये मार्सेच्या युनिते दाबितास्याँ या निवासी इमारतीचे एका दिवसात ६५० फोटो काढले आणि तिचे वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांना पाठवले. तेव्हापासून १९६५ पर्यंत, म्हणजे कॉर्ब्युझिए जाईपर्यंत, ते त्यांचे छायाचित्रकार राहिले. चंडीगडचं कामही त्यांनी टिपलं. एर्व्हे प्रिंट कात्रीने निर्दयपणे कापत. जिन्याचा एक वळसा, सावलीचा एक त्रिकोण, भिंतीतली एक फट, आणि तरीही पाहणाऱ्याला सगळी इमारत जाणवते.

मी एका इमारतीत निदान एक पूर्ण दृश्य, दोन-तीन मध्यम आणि बाकी सगळे तपशील घेतो. वाइड लेन्सचा मोह आवरा. १७ मिमीने छोटी खोली सभागृहासारखी दिसते आणि कडेचं टेबल ताणलं जातं. ३५ किंवा ५० मिमीने मागे सरकून काढलेला फोटो जागेचं खरं माप सांगतो.

फोटोत माणसं असावीत का?

असावीत, असं माझं ठाम मत आहे. माणूस नसेल तर दरवाजा दोन मीटरचा की चार मीटरचा ते कळत नाही. शटर १/४ सेकंदाच्या आसपास ठेवलं तर चालणारा माणूस पुसट होतो. माप कळतं, पण चेहरा लक्ष वेधून घेत नाही. गर्दी घालवायची असेल तर फिल्मवर गडद एनडी फिल्टर (रंग न बदलता उजेड कमी करणारा) लावून कित्येक मिनिटांचं एक्स्पोजर द्या. डिजिटलवर पंधरा-वीस फोटो काढून त्यांचा मध्यक घेतला की हलणारे लोक आपोआप नाहीसे होतात.

निगेटिव्ह स्कॅन करायचं की डार्करूममध्येच प्रिंट काढायचा?

जमेल तर दोन्ही. चार-बाय-पाचची शीट दर इंचाला २००० बिंदूंनी स्कॅन केली तरी ८००० गुणिले १०,००० पिक्सेल, म्हणजे आठ कोटी पिक्सेलची फाइल मिळते. धूळ आधी फुंकणीने काढा. नंतर सॉफ्टवेअरमध्ये ठिपके वेचण्यात तास जातात, आणि गुळगुळीत पांढऱ्या भिंतीवर प्रत्येक कण डोळ्यांत येतो. डार्करूममध्ये एन्लार्जरचा बोर्ड कलवून झुकणाऱ्या रेषा सरळ करता येतात, हे आता फारसं कोणी सांगत नाही. संगणकातल्या स्लायडरचा तोच पूर्वज.

वायरी, कचराकुंड्या, शेजारची इमारत, काय काय पुसायचं?

कचराकुंडी उचलून बाजूला ठेवता येत असेल तर फोटोआधी ठेवा. भिंतीवरचा आजचा डाग पुसा. पण कायमचा विजेचा खांब, शेजारची जुनी चाळ, छतावरची एसीची यंत्रं पुसू नका. त्याऐवजी उभं राहण्याची जागा बदला. शुल्मन कधी कधी तोडलेली फांदी फ्रेमच्या कोपऱ्यात धरून हिरवाई आणत. फोटो छान व्हायचा, पण झाड तिथे नव्हतं. मी हे करत नाही.

कायद्याने इमारतीचा फोटो काढता येतो का?

देशागणिक वेगळं आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ नुसार वास्तूचा फोटो काढणं आणि प्रसिद्ध करणं हा भंग ठरत नाही. अमेरिकेतही सार्वजनिक ठिकाणाहून दिसणाऱ्या इमारतीचे फोटो चालतात. जर्मनीत ही सवलत रस्त्यावरून दिसणाऱ्या दृश्यापुरतीच आहे; समोरच्या खाजगी घरातून काढलेला फोटो तिच्यात बसत नाही. फ्रान्समध्ये २०१६ पासून व्यक्तींना बिगर-व्यावसायिक वापराची मुभा आहे. खाजगी आवारात शिरणं, ट्रायपॉड लावणं आणि ड्रोन उडवणं यांचे नियम यापासून वेगळे असतात, ते तिथे विचारा.

सुरुवात कुठून करू?

रोज जाता-येता दिसणारी एक साधी आधुनिक इमारत निवडा. प्रसिद्ध नको, प्रसिद्ध इमारतीचे दुसऱ्यांनी काढलेले फोटो डोळ्यांत आधीच बसलेले असतात. एकच लेन्स, एक ट्रायपॉड, जमिनीवर खडूने एक खूण. त्याच खुणेवरून सूर्योदय, मध्यान्ह, सूर्यास्ताच्या तासभर आधी आणि दिवेलागण असे चार फोटो काढा. कॅमेरा पाणसळीत, काही हलवायचं नाही. पुढच्या आठवड्यात खूण तीन मीटर डावीकडे न्या आणि पुन्हा तेच चार. हे आठ फोटो छापून भिंतीवर शेजारी शेजारी लावा, आणि नवव्या फोटोची जागा त्यांच्याकडे पाहून ठरवा.